परसातली भाजी आणि शेवटचे ताट



आपल्या जिल्ह्याला अन्नाची वाण सहसा पडत नाही. पंचगंगेच्या काठचा ऊस, गूळ, दुधाची रेलचेल, आणि रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर तांबडा-पांढरा रस्सा! मग या पानावर पोषणाचा धडा कशासाठी, असे कोणी विचारील. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले महाराष्ट्राचे दोन आकडे पाहा. १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० बालकांपैकी जवळजवळ ६९ जणांची तीच गत आहे. आकडे साऱ्या राज्याचे आहेत, पण आपण काही राज्याबाहेर राहत नाही. पोट भरणे वेगळे आणि अन्न अंगी लागणे वेगळे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराची वाट काही दिवस बंद झाली. उसाच्या फडांनी वेढलेले आपण कोथिंबिरीच्या जुडीसाठी रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत बसलो.

घरामागच्या जागेला पूर्वी परस म्हणत. मोरीचे पाणी जाई तिथे अळू, कुंपणावर घेवडा, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता. फ्लॅट आले, परस गेला. परसबाग हा शब्द तेवढा उरला. चर्चमागच्या मोकळ्या जागेत आम्ही वाफे केले ते या शब्दाला पुन्हा जागा मिळावी म्हणून.

पहिल्या वर्षी मात्र आम्ही चुकलो. धर्मशिक्षणाच्या वर्गात जीवनसत्त्वांचे तक्ते लावले, व्याख्यान दिले. मुलांनी सारे तोंडपाठ म्हणून दाखवले आणि त्याच दुपारी पोकळ्याची भाजी ताटाच्या कडेला सारली! सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना यावर आम्ही तासन्‌तास वाद घातला होता. ज्याला चांगले काय ते खरोखर कळले तो चांगलेच करील, असे सॉक्रेटिसचे म्हणणे. ॲरिस्टॉटलला ते पटले नाही. सद्‌गुण करून करून, सवयीने अंगी येतो, असे तो म्हणतो. संत पौलानेही रोमकरांस लिहिताना कळते पण वळत नाही हीच व्यथा मांडली आहे. आमच्या मुलांच्या ताटांनी कौल दिला तो ॲरिस्टॉटलच्या बाजूने.

दुसऱ्या वर्षी तक्ते उतरवले आणि मुलांच्या प्रत्येक गटाला एक वाफा दिला. मेथी आणि पोकळा साधारण तीन-चार आठवड्यांत काढणीला येतात. मुलांच्या धीराला पेलेल एवढाच हा काळ! त्यांनी बी पेरले, तण काढले, शेणखत कालवताना नाके मुरडली, आणि स्वतः खुडलेली भाजी मात्र मागून घेतली. शाळांमधून पोषण-बागा लावण्याच्या सूचना केंद्र सरकारने २०१९ साली काढल्या, त्यामागेही हाच विचार असावा. बाग केवळ देखाव्याची राहिली तर ती दुसरा तक्ताच होते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

बियांचे काय? अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वाल, घेवडा, भाज्या, भात यांचे गावरान वाण राखले. बायफ संस्थेच्या मदतीने त्यांची बीज बँक उभी राहिली. परसबागेसाठी त्या इतर बायकांना बी देत गेल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावरान बी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते, शेजारणीला देता येते. संकरित बियाण्याचे तसे नाही. त्यातून धरलेले बी मूळ झाडासारखे उतरेलच असे नसते.

आता मोठ्यांचा वर्ग. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. पालेभाजीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत लिंबू किंवा आवळा असला तर अधिक शोषले जाते. लिंबू पिळायचे ते भाजी चुलीवरून उतरल्यावर. आणि जेवणावर लगेच चहा नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या सूचनांतही जेवणाआधी व नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. (हे वाचून दाखवल्यावर सभागृहात जी शांतता पसरली ती आमच्या एकाही प्रवचनाला लाभलेली नाही.) मात्र डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्याव्यातच; भाजी त्यांची जागा घेणार नाही.

हे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका भगिनीने विचारले, “फादर, लिंबू पिळायचं कळलं. पण समद्यांना वाढून मी बसते तवा पातेल्यात भाजी उरलेली असती का, हे कुणी इचारलं का?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. इतके दिवस आम्ही वाफे मोजले, जुड्या मोजल्या, पण त्या कोणाच्या ताटात गेल्या ते पाहिले नव्हते. ५४ चा तो आकडा आम्हीच फळ्यावर लिहिला होता; तो समोर बसून बोलेल असे वाटले नव्हते. पुढच्या बैठकीत पुरुषमंडळींनाही बोलावले आणि तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. काही जण हसले, काही जणांनी माना खाली घातल्या. एक आजोबा म्हणाले, “आईला जेवताना मी कधी बघितलंच नाही.”

मृग जवळ आला आहे. शेवग्याची फांदी लावायची तर आता लावावी. येत्या रविवारी मिस्सानंतर वाफे वाटून देऊ. ज्यांना जागा नाही त्यांनी तळाला भोके पाडलेला जुना डबा आणावा, माती आम्ही देऊ. गेल्या वर्षीचे घेवड्याचे बी कोणी राखले असेल तर कागदाच्या पुडीत, वर नाव लिहून आणावे. दुपारी सर्वांचे जेवण चर्चच्या अंगणात आहे. पोकळा, भाकरी, आमटी आणि लिंबाची फोड. वाढायला पुरुष असतील. पहिल्या पंगतीला बायका बसतील.