चामडं, कोलॅजन आणि हृदयाची झडप

व्हॉल्व्ह म्हटलं की मेकॅनिकलवाल्यांना गेट व्हॉल्व्ह आणि ग्लोब व्हॉल्व्ह आठवतात. पण आपल्या प्रत्येकाच्या हृदयातही चार व्हॉल्व्ह आहेत. मिनिटाला ७० ठोके धरले तर वर्षाला सुमारे ३.७ कोटी वेळा ते उघडतात आणि मिटतात, आणि तेही मेंटेनन्ससाठी एक दिवस सुट्टी न घेता! झडप फारच खराब झाली तर ती बदलावी लागते. नवी झडप पुष्कळदा डुकराची असते, किंवा गाई-बैलाच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून, म्हणजे पेरिकार्डियमपासून, शिवलेली असते. मग प्राण्याचा टिश्यू आपल्या शरीरात सडत कसा नाही? उत्तर केमिस्ट्रीत आहे.

कोलॅजन म्हणजे काय?

या टिश्यूची ताकद कोलॅजन नावाच्या प्रोटीनमध्ये असते. तीन साखळ्या दोरासारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि फक्त दीड नॅनोमीटर जाड. ही तीन पदरांची रचना १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट.

पण कच्चं कोलॅजन टिकाऊ नसतं. ओल्या अवस्थेत तापवलं तर ६०-६५ अंशांच्या आसपास ते आक्रसतं. एन्झाइम्स त्याला खातात. शिवाय शरीराची प्रतिकारशक्ती परका टिश्यू ओळखून त्यावर हल्ला करते.

कोल्हापुरी चपलेचा धडा

कातडं सडू नये म्हणून माणूस ते हजारो वर्षं कमावत आला आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्यातलं टॅनिन कोलॅजनच्या साखळ्यांना धरून ठेवतं. क्रोम टॅनिंगमध्ये हेच काम क्रोमियमचे क्षार करतात, आणि ते चामडं उकळत्या पाण्यातही टिकतं. हृदयाच्या झडपेचं तत्त्व अगदी हेच, फक्त केमिकल वेगळं.

ग्लुटाराल्डिहाइडची करामत

१९६५ मध्ये पॅरिसमध्ये डॉ. अ‍ॅलन कार्पेंटिए आणि सहकाऱ्यांनी प्राण्याची झडप माणसाला बसवली. पण तेव्हाच्या पद्धतीने जपलेल्या झडपा लवकर खराब होऊ लागल्या. कार्पेंटिए यांनी मग केमिस्ट्रीचा अभ्यास केला आणि १९६८ च्या सुमारास ग्लुटाराल्डिहाइड वापरलं. पुढे २००७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

ग्लुटाराल्डिहाइड म्हणजे पाच कार्बनची साखळी आणि दोन्ही टोकांना अल्डिहाइड गट, जणू दोन हातांचा माणूस! एक हात एका साखळीतल्या लायसिनचा अमिनो गट पकडतो, दुसरा हात शेजारच्या साखळीतला. यालाच क्रॉस-लिंक म्हणतात. साधारण ०.६ टक्क्याचं द्रावण पुरतं. मग आक्रसण्याचं तापमान ८० अंशांच्या वर जातं, एन्झाइम्सना शिरकाव मिळत नाही आणि प्रतिकारशक्तीला टिश्यू कमी परका वाटतो. मात्र फिक्सिंगच्या वेळी झडपेवर दाब नको. दाब दिला तर तंतूंच्या नैसर्गिक चुण्या सपाट होतात, आणि त्यांच्यामुळेच तर झडप न फाटता वाकते.

मग अडचण कुठे?

अडचण आहे कॅल्शियमची. उरलेले मोकळे अल्डिहाइड गट आणि मृत पेशींमधले फॉस्फोलिपिड यांच्या जागी हळूहळू कॅल्शियम फॉस्फेट साचतं. झडप कडक होते, कधी फाटते. यावर उपाय म्हणून इथेनॉलने फॉस्फोलिपिड काढतात, तर काही पद्धतींत मोकळे अल्डिहाइड गट दुसऱ्या रसायनाने बंद करतात. संशोधक कार्बोडायइमाइड आणि गार्डेनियाच्या फळापासून मिळणारं जेनिपिन हे पर्यायही तपासत आहेत. जेनिपिनने टिश्यू चक्क निळा होतो!

खरी गोम पुढे आहे. वयस्कर पेशंटमध्ये टिश्यूची झडप पुष्कळदा १०-१५ वर्षं किंवा जास्तही चालते, पण लहान मुलं आणि तरुणांमध्ये कॅल्शियम फार लवकर साचतं. धातू-कार्बनची मेकॅनिकल झडप जास्त टिकते, पण तिच्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि सारखी रक्त तपासणी करावी लागते. त्यातून आई होऊ इच्छिणाऱ्या मुलीचा प्रश्न आणखी अवघड, कारण वॉरफरिनमुळे गर्भाला धोका असतो. म्हणजे पंचविशीतल्या मुलीने एक तर पुन्हा ऑपरेशनची तयारी ठेवायची, नाही तर रोजची गोळी आणि तिची जोखीम पत्करायची. आपल्या देशात रुमॅटिक तापामुळे झडप खराब झालेले पेशंट बहुधा तरुणच असतात. म्हणून हा प्रश्न युरोपपेक्षा आपल्याला जास्त जवळचा आहे.

हा ताप बऱ्याचदा स्ट्रेप्टोकोकसमुळे घसा दुखण्यापासून सुरू होतो आणि वेळेवर पेनिसिलिन मिळालं तर टळू शकतो. तेव्हा घरी लहान भावंडाचा घसा खूप दुखत असेल, ताप असेल तर "होईल बरा" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि केमिकल, पॉलिमर, बायोमेडिकलच्या मित्रांनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर तरुण पेशंटमध्ये तीस वर्षं मऊ राहील असा टिश्यू अजून कोणी बनवलेला नाही. बघा जमतंय का!