मूत्रपिंडांवरील पहारेकरी

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला हे गाव आहे. तेथील भूमीच्या पोटात मँगनीजचे खनिज सापडते. पोलाद तयार करण्यास ते आवश्यक असल्यामुळे कामगार जमिनीखाली उतरून ते खणून काढतात.

अशा खाणीत माथ्यावरच्या खडकावर लोखंडी पहार ठोकून त्याची परीक्षा करतात. पक्का खडक खणखणीत वाजतो. सुटलेला खडक पोकळ वाजतो. समजा, एखाद्या कामगाराच्या कानी असा पोकळ आवाज आला आणि वरून खडे गळू लागले. लगेच त्याचे हृदय धडधडू लागते, श्वास जलद होतो, हातापायांत बळ येते. सोबत्याला हाताशी धरून तो सुरक्षित जागी जातो. हे बळ त्याला कोठून लाभले?

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक मूत्रपिंड असते. मूत्रपिंडाला वृक्क असेही म्हणतात. प्रत्येक वृक्काच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. तीच अधिवृक्क ग्रंथी होय. उजवीकडील ग्रंथी त्रिकोणी, तर डावीकडील चंद्रकोरीसारखी असते. एकीचे वजन अवघे ४ ते ५ ग्रॅम भरते.

या ग्रंथीचे दोन भाग असतात. आतील भागास मध्यक व बाहेरील भागास बाह्यक म्हणतात. संकट जाणवताच मेंदूचा संदेश मज्जातंतूंवाटे मध्यकास पोहोचतो आणि मध्यक ॲड्रिनॅलीन नावाचे द्रव्य रक्तात सोडतो. त्यामुळे हृदयाची गती वाढते, श्वासनलिका रुंदावतात आणि यकृतात साठविलेली साखर रक्तात उतरून स्नायूंच्या कामी येते. हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविल्याचे जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञाने १९०१ साली जाहीर केले.

मध्यक संकटकाळी धावून येतो; बाह्यक मात्र अहोरात्र राबतो. वैशाखात घामावाटे शरीरातील पाणी व मीठ निघून जाते. तेव्हा बाह्यकातील आल्डोस्टेरॉन हे द्रव्य मूत्रपिंडांकरवी मीठ राखून ठेवते आणि त्याबरोबर पाणीही राहते. कॉर्टिसॉल हे दुसरे द्रव्य उपवासात रक्तातील साखर सावरते व आजाराशी झुंजण्यास साहाय्य करते.

या ग्रंथी निकामी झाल्या तर काय होते, हे लंडनचे डॉक्टर टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली दाखवून दिले. त्यांचे काही रोगी दिवसेंदिवस क्षीण होत गेले व त्यांची कातडी काळवंडली. मृत्यूनंतर तपासणी करता त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी रोगग्रस्त आढळल्या. त्या काळी या रोगावर इलाज नव्हता. आज बाह्यकातील द्रव्ये औषधरूपाने देता येतात व असा रोगी आपला नित्यव्यवहार करू शकतो.

संकटात छाती धडधडली म्हणून कोणी भित्रा ठरत नाही. ती शरीराची सिद्धता होय. परंतु ग्रंथी केवळ बळ देते. त्या बळाने एकट्याने पळ काढावा की सोबत्यालाही वाचवावे, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर अवलंबून असते.

स्वाध्याय
१. अधिवृक्क हे नाव कशावरून पडले?
२. मध्यक व बाह्यक यांच्या कार्यांत कोणता भेद आहे?
३. 'ग्रंथी केवळ बळ देते' या विधानाचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट करा.