४, २, १ : संगणकातील परवान्यांचे अंकगणित

शाळेच्या कार्यालयात शिपाई, लेखनिक आणि मुख्याध्यापक तिघेही जातात. पण गुणपत्रकातील गुण बदलण्याचा अधिकार तिघांनाही नसतो. आलेली व्यक्ती कोण हे ओळखणे ही एक गोष्ट. तिला काय करू द्यायचे हे ठरवणे ही दुसरी. संगणकातही तसेच आहे. परवलीचा शब्द फक्त ओळख पटवतो. अधिकार कसे ठरतात ते आता पाहू.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' या कार्यप्रणालीची सुरुवात केली. तीत प्रत्येक फाइलीच्या दृष्टीने माणसांचे तीन वर्ग असतात : मालक, त्याचा गट आणि इतर. क्रियाही तीन : वाचणे (४), लिहिणे (२) आणि चालवणे (१). प्रत्येक वर्गासाठी परवानगी असलेल्या क्रियांच्या अंकांची बेरीज करायची.

समजा, गुणांच्या फाइलीचे मालक वर्गशिक्षक आहेत, गटात इतर शिक्षक आहेत आणि परवाना ६४० आहे. ६ म्हणजे ४+२; वर्गशिक्षक वाचू व लिहू शकतात. ४ म्हणजे इतर शिक्षक फक्त वाचू शकतात. ० म्हणजे बाकीच्यांना काहीच नाही.

४, २, १ हेच अंक का? १, २, ३ घेतले असते, तर ३ म्हणजे नुसते ३ की १+२, हे कळलेच नसते. ४, २, १ यांची प्रत्येक बेरीज एकाच प्रकारे सुटते. द्विमान पद्धतीचाच हा गुण आहे.

आता एक कोडे. परवलीच्या शब्दांच्या फाइलीत लिहिण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला असतो. मग सामान्य माणूस स्वतःचा शब्द बदलतो कसा? रिची यांनी यावर युक्ती काढली. काही ठराविक आज्ञावल्या चालवणाऱ्याच्या नव्हे, तर आज्ञावलीच्या मालकाच्या अधिकाराने चालतात. बँकेत आपण तिजोरीला हात लावत नाही, रोखपाल आपले काम करून देतो, तसेच हे.

पण रोखपालच फसला तर? अशा आज्ञावलीत चूक राहिली, तर परक्याच्या हाती सर्वाधिकार जातात. म्हणूनच १९७५ साली सॉल्टझर आणि श्रोडर यांनी मांडलेले तत्त्व आजही महत्त्वाचे आहे : कामापुरताच अधिकार द्यावा, त्याहून अधिक नको.

लिनक्समध्ये आजही हेच अंक वापरतात. तर सांगा पाहू, ७५४ या परवान्यात कोणाला काय करता येईल?