आकडा देशाचा, पेरणी आपल्या रानात

एप्रिलच्या मध्यावर हवामान खात्याचा पहिला अंदाज येतो आणि कृषी सेवा केंद्रापासून पारापर्यंत एकच आकडा फिरू लागतो. २०२३ साली तो सरासरीच्या ९६ टक्के होता. ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ एवढंच सगळ्यांच्या ध्यानात राहिलं. पावसाला बऱ्याचदा मारक ठरणारा अल निनो हंगामात डोकं वर काढण्याची शक्यता आहे, हेही खात्याने त्याच वेळी सांगितलं होतं. पारावर त्याची चर्चा झाली नाही.

हंगाम संपला तेव्हा देशात ९४ टक्के पाऊस झाला होता. पाच टक्के मागेपुढे होईल, असं आधीच सांगितलेलं. म्हणजे अंदाज बरोबरच ठरला. आमच्या लातूरकडच्या शिवारात मात्र सोयाबीन गेलं. मृग कोरडा गेला, पेरण्या लांबल्या आणि पीक ऐन फुलोऱ्यात असताना पावसाने खंड दिला. देशात १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. भेगाळलेल्या जमिनीतलं एक झाड मी उपटून पाहिलं. बुडाशी गळालेल्या फुलांचा सडा, फांद्यांवर चार-दोन चपट्या शेंगा, दाणा नाहीच. पुढे सप्टेंबरच्या पावसाने देशाची तूट काही प्रमाणात भरून निघाली, पण आमच्या सोयाबीनला त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणून नव्याने शेती करणाऱ्यांना कळकळीने सांगतो, हा आकडा चार महिन्यांचा आणि अख्ख्या देशाचा असतो. आपल्या मंडळात खंड कधी पडेल, हे त्यातून कळत नाही. त्यावरून पेरणीची तारीख धरू नका. त्याचा उपयोग वेगळा आहे. अल निनोचं सावट असेल तर सगळं रान एकट्या सोयाबीनखाली घालू नये, तुरीचं आंतरपीक घ्यावं. तिचं मूळ खोल जातं, ती ताण सोसते. कडबा विकायची घाई करू नये. पीकविमा मुदतीत भरावा.

पेरणीसाठी पाहायचं ते जमिनीकडे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढू नका. वाफसा आला का, ते हाताने पाहा: वीतभर खालची माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि सोडला की फुटावा. मग पुढच्या पाच दिवसांचा अंदाज पाहा, तो पुष्कळ भरवशाचा असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला चुकवू नका. गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो. त्यातले पहिले दोन आठवडे धरावेत, पुढचे नुसते नजरेखालून घालावेत.

दुबार पेरणीची वेळ येऊ शकते, तेव्हा घरचं थोडं बियाणं राखून ठेवा. ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण तपासा; ७० तरी उगवले पाहिजेत. जुलैचा मध्य उलटला तर सोयाबीनचा हट्ट सोडून बाजरी, सूर्यफूल नाहीतर तूर पेरा.