उदोनच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचे दुसरे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते उभे राहिले, म्हणून जपानला गेलेल्या पुणेकराला ती मूळ बाग एकदा पाहावीशी वाटणे स्वाभाविक आहे. बाग पाहून झाली की पुढचा बेतही ठरलेला असतो. ओकायामाहून सुटणारी ‘मरीन लायनर’ गाडी सेतोचा मोठा पूल ओलांडते आणि तासाभरात ताकामात्सुला पोचते. हे कागावा प्रांताचे मुख्य शहर. या प्रांताने स्वतःची ओळखच ‘उदोनचा प्रांत’ अशी करून दिली आहे.

उदोन म्हणजे गव्हाच्या पिठाच्या जाड, पांढऱ्या, गुळगुळीत शेवया. कागावातली बरीच दुकाने साधी, स्वतः वाढून घ्यायची. ट्रे उचलायचा, लहान की मोठा वाडगा ते सांगायचे, पुढे सरकत टेम्पुरा, म्हणजे तिथली भजी, निवडायची आणि पैसे चुकते करून कांद्याची पात, किसलेले आले वर घालून घ्यायचे. दिवसभराच्या भटकंतीत असे जेवण जरूर घ्यावे. मात्र मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्याआधी थोडी तयारी केलेली बरी.

पहिला धोका वाडग्यात नसून रांगेत आहे. नावाजलेल्या दुकानांसमोर दुपारी लांब रांग लागते. कित्येक दुकाने सकाळी उघडतात आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास, त्या दिवसाच्या शेवया संपल्या की, बंद होतात. जेवणाआधी घ्यायचे जलद इन्सुलिन ‘आता नंबर येईलच’ म्हणून रांगेतच टोचले आणि दुकान तेवढ्यात बंद झाले, तर साखर झपाट्याने उतरू शकते. बागेत दोन तास चालून आलेल्या माणसाची ती आणखी लवकर उतरते. म्हणून इन्सुलिन वाडगा हातात आल्यावरच घ्यावे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी सकाळी घेतली असेल, तर दुपारचे जेवण लांबवू नये. रांग मोठी दिसली तर आधी काहीतरी खाऊन घ्यावे. हात थरथरणे, घाम, छातीत धडधड, विनाकारण चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी किंवा तेवढ्याच ग्लुकोजच्या गोळ्या चघळाव्यात, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. ग्लुकोज हॉटेलमधल्या बॅगेत राहिले तर त्याचा काही उपयोग नाही, ते खिशातच हवे. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नये. जपानात रुग्णवाहिकेचा क्रमांक ११९ आहे.

आता वाडग्याकडे. शिजवलेल्या उदोनची एक लड साधारण २०० ते २५० ग्रॅम भरते आणि त्यात ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदके असतात. घरच्या हिशेबाने मध्यम आकाराच्या तीन पोळ्या. मोठा वाडगा मागितला की दोन लडी येतात, म्हणजे सहा पोळ्या झाल्या. त्यासोबत भाताचा गोळा आणि रताळ्याची टेम्पुरा घेतली, तर पोळी, भात आणि बटाटा एकाच पानात आले. प्रथिने मात्र नावापुरती. कागावालाही याची काळजी वाटते. मधुमेहाचे प्रमाण तिथे चिंतेचा विषय ठरले आणि २०१२ पासून प्रांतातल्या चौथीच्या मुलांची रक्ततपासणी करून साखर, कोलेस्टेरॉल पाहिले जाऊ लागले. आपल्या आवडत्या अन्नाकडे एवढ्या सरळ नजरेने पाहणाऱ्या प्रांताचे कौतुक केले पाहिजे.

लहान वाडगा, सोबत उकडलेले अंडे, टोफू किंवा मांस आणि मिळाली तर एखादी भाजी, एवढे पुरते. आधी प्रथिने आणि भाजी, मग शेवया, या क्रमाने जेवल्यास साखर हळूहळू चढते. शेवया चावूनही खाव्यात. कागावात उदोन घशातून सुळकन उतरण्याच्या सुखासाठी खातात आणि शेवयांच्या लवचिक ताठपणाला, ‘कोशी’ला, मोठे मोल आहे. ज्यांना कवळी आहे, पक्षाघातानंतर ज्यांना गिळायला त्रास होतो, त्यांनी मात्र या लवचिकतेपासून जपावे. शेवया चॉपस्टिकने तोडून, छोटे घास घेत, अधेमधे न बोलता खाव्यात.

मिठाचा हिशेब जरा फसवा आहे. कणीक भिजवताना मीठ घालतात, पण उकळत्या पाण्यात त्यातले बरेचसे निघून जाते. खरे मीठ राहते रश्श्यात. पश्चिम जपानातला हा रस्सा फिकट, पारदर्शक दिसतो, आपल्याकडच्या एखाद्या पातळ सारासारखा. त्यामुळे तो हलका वाटतो. प्रत्यक्षात त्यात वापरतात तो फिकट रंगाचा सोया सॉस गडद सॉसपेक्षा अधिक खारट असतो. गरम उदोनचा रस्सा तळापर्यंत प्यायला तर एका जेवणात सुमारे ५ ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसासाठी सांगितलेली मर्यादाही ५ ग्रॅमच्या आतलीच आहे. रामेनचा वाडगा याहून खारट असू शकतो, कारण तिथे वाडग्याच्या तळाशी आधीच दाट, खारट ‘तारे’ ओतलेला असतो.

यावरचा उपाय सोपा आहे: शेवया खाव्यात, रस्सा ठेवावा. तो उरवला म्हणून जपानात कोणी अपमान मानत नाही. थंड ‘झारु’ उदोन घेतले तर सॉस वेगळ्या वाटीत येतो. त्यात शेवयांचे टोक बुडवले की मीठ आपल्या हातात राहते. हृदय कमकुवत असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पाय दाबून पाहावेत. खळगा पडत असेल, धाप लागत असेल, तर प्रवासाचा कार्यक्रम बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

शाकाहारी मंडळींची फसगत इथे हमखास होते. वर नुसती कांद्याची पात दिसते, पण रस्सा सुकवलेल्या लहान मासळीचा किंवा बोनितो माशाच्या कापांचा असतो, आणि बुडवण्याच्या सॉसमध्येही तोच अर्क असू शकतो. माशांची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी तर हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. ग्लुटेन वर्ज्य असलेल्या रुग्णांना उदोन चालत नाही, नेहमीचा सोया सॉसही चालत नाही, कारण त्यात गहू असतो. कुट्टूच्या पिठाच्या ‘सोबा’ शेवयांतही बहुतेक ठिकाणी गव्हाचे पीठ मिसळलेले असते. उलट, कुट्टूची अ‍ॅलर्जी असेल तर ती जिवावर बेतू शकते. जपानात पाकीटबंद पदार्थांवर कुट्टूचा उल्लेख सक्तीचा आहे तो याचसाठी. काही दुकानांत सोबा आणि उदोन एकाच पातेल्यात उकळतात. तेव्हा आपली अ‍ॅलर्जी जपानी लिपीत लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात ठेवावी आणि ऑर्डर देण्याआधीच दाखवावी.

राहता राहिले ‘कामातामा’, गरम शेवयांत कच्चे अंडे फेटून केलेले उदोन. जपानात अंडी कच्ची खाता यावीत अशा काळजीने धुऊन, तपासून विकली जातात. तरीही गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे रुग्ण यांनी अंडे पूर्ण शिजलेलेच घ्यावे. टेम्पुरातले अंडेही पुष्कळदा आतून अर्धकच्चे असते, तेही विचारून घ्यावे.

जेवणानंतर लगेच गाडी पकडण्याऐवजी ताकामात्सुच्या रित्सुरिन बागेत अर्धा-पाऊण तास फिरावे. तळ्याकाठच्या पाइन वृक्षांखालून रमतगमत चालताना चढू लागलेली साखर आवरायला मदत होते. जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा पाहावा आणि वाडगा लहान होता की मोठा, हे त्याच्यापुढे टिपून ठेवावे. परतल्यावर डॉक्टरांकडे ती वही घेऊन जावे.