वापर कसा करायचा, ते प्रोग्रामनेच सांगावं

कमांड लाइनच्या प्रोग्रामला बटणं नसतात. कसा चालवायचा ते त्यानेच सांगावं लागतं. मी सीमध्ये लिहिलेला 'हिशेब' चिरनेरला काका भाताच्या जमाखर्चासाठी चालवतात. तिथे अडलं तर विचारणार कोणाला?

नियम दोनच. 'हिशेब --हेल्प' असं विचारलं, तर माहिती स्टँडर्ड आउटपुटवर छापा, एक्झिट कोड ० द्या. फाइलचं नावच दिलं नाही, म्हणजे आर्गसी २ पेक्षा कमी, तर 'वापर: हिशेब फाइल' हे स्टँडर्ड एररवर छापा, कोड १ द्या. कारण काका आउटपुट दुसऱ्या फाइलमध्ये वळवतात. सूचना आउटपुटवर छापली तर तीही तिथेच जाईल, पडद्यावर काहीच दिसणार नाही. आणि कोड ० दिला, तर काम झालं समजून स्क्रिप्ट पुढे जाईल.

पुढच्या प्रॅक्टिकलला आधी या चार ओळी लिहा, मग बाकीचा प्रोग्राम.