सायकलस्वाराची शक्ती किती वॉट?

एका सायकलस्वाराने सोमवारी वीस किलोमीटर अंतर ४० मिनिटांत कापले. गुरुवारी त्याच रस्त्यावर त्याला ४४ मिनिटे लागली. मग गुरुवारी त्याने अंगचोरी केली काय? तसे मुळीच म्हणता येणार नाही. वारा समोरून असेल, टायरमध्ये हवा कमी असेल. वेग हा मेहनतीचा परिणाम आहे, तिचे माप नव्हे. सराव करणाऱ्याला हवी असते शक्ती, म्हणजे दर सेकंदाला होणारे कार्य.

ती काढण्याचा एक मार्ग तुमच्या पाठ्यपुस्तकातलाच आहे. उंची ठाऊक असलेला एखादा चढ घ्या. समजा, स्वार व सायकल यांचे मिळून वस्तुमान ७० किलोग्रॅम, चढाची लांबी ८०० मीटर, उंचीतील फरक ४० मीटर आणि लागलेला वेळ ४ मिनिटे आहे. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेले कार्य ७० × ९.८ × ४० = २७,४४० ज्यूल. याला २४० सेकंदांनी भागले की सुमारे ११४ वॉट येतात. घड्याळ आणि वजनकाटा एवढ्यावर हे जमते, पण उत्तर कमी आलेले असते. रस्ता व टायर यांच्यातील रोध ४ न्यूटन धरला, तर त्यापायी १३ वॉट आणि वारा पडलेला असतानाही हवेच्या रोधापायी आणखी दहा-अकरा वॉट खर्च होतात. सपाट रस्त्यावर तर उंचीचा आधारही राहत नाही. बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते आणि वारा क्षणाक्षणाला बदलतो.

म्हणून पाय जेथे जोर लावतो तेथेच मोजणे बरे. फिरत्या वस्तूसाठी शक्ती = आघूर्ण × कोनीय वेग. आघूर्ण म्हणजे बल गुणिले आसापासूनचे लंब अंतर. १७ सेंटिमीटर लांबीच्या क्रँकवर सरासरी १०० न्यूटन लंब बल पडत असेल, तर आघूर्ण १७ न्यूटन-मीटर. मिनिटाला ८० फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.४ रेडियन. गुणाकार करा: जवळजवळ १४२ वॉट.

फेरे मोजणे सोपे आहे, खरी गोम आघूर्णात आहे. जोर पडला की क्रँकचा धातू डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो. त्यावर घट्ट चिकटवलेली बारीक धातूची जाळी, म्हणजे ‘स्ट्रेन गेज’, त्याबरोबर ताणली जाते व तिचा विद्युतरोध वाढतो. ताणामुळे तारेचा रोध बदलतो हे विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५६ मध्ये दाखवले होते. हा अतिसूक्ष्म बदल पकडायला प्रयोगशाळेतला व्हीटस्टनचा सेतूच कामी येतो. जर्मनीत उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये याच तत्त्वावरील शक्तिमापकांची ‘एसआरएम’ ही कंपनी काढली.

आता अचूकतेकडे वळू. एखाद्याची शक्ती महिनाभराच्या सरावाने २०० वरून २०६ वॉट झाली, तर ती वाढ अवघी ३ टक्के. मापकच तेवढा चुकत असेल, तर सराव फळला की उपकरण सरकले हे कसे ठरवणार? गेज मोजते ते धातूचे वाकणे. ऊन लागले की जाळीचा रोधही बदलतो आणि धातूचा ताठपणाही. म्हणून सायकल बाहेर काही वेळ ठेवून, पायडलवर पाय नसताना, शून्य जुळवून घ्यावे लागते.

नुसते शून्य बरोबर असून भागत नाही. मागचे चाक पक्के अडवा, क्रँक आडवा ठेवा आणि पायडलच्या आसाला २० किलोग्रॅमचे वजन टांगा. आघूर्ण २० × ९.८ × ०.१७ = ३३.३ न्यूटन-मीटर यायला हवे. मापकाने ३४ दाखवले, तर तो सरसकट २ टक्के जास्त सांगतो आहे. मापक आघूर्ण दाखवणारा असेल, तर शिक्षकांनी ही तपासणी वर्गात जरूर करून दाखवावी.

काही स्वस्त मापक फक्त डाव्या पायाची शक्ती मोजून तिची दुप्पट करतात. समजा, स्वाराची खरी शक्ती २०० वॉट आहे आणि तीत डाव्या पायाचा वाटा ४८ टक्के आहे. असा मापक १९२ वॉट दाखवील. तासाभराने उजवा पाय दमला, वाटा निम्मा-निम्मा झाला, पण एकूण शक्ती तेवढीच राहिली. आता मापक किती दाखवील, आणि त्यावरून स्वाराचा काय समज होईल?